शेवटचे दोन टाके

मिलिंद, परवा लासुर्ण्याच्या विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला ठेवलेल्या फोटोकडेही मी संशयानेच बघत होतो. पांढरा कोट, गळ्यात टाय, दात दिसतील असं हसू. पाचवीपासून आपण एका बाकावर बसलो, पण टाय लावलेला तू मला कधी दिसला नाहीस. शेजारी बसलेल्या हमीदाला मी हळूच म्हटलं, हा फोटो कॉम्प्युटरवर केलेला दिसतोय. ती म्हणाली, आज तरी गप बसा. गप बसलो. पण कार्यक्रम उरकल्यावर तुझ्या मुलीला विचारलंच. ती म्हणाली, काका, कोट खरा आहे, टाय दुकानवाल्याने चढवला. बघ, मी म्हणत नव्हतो?

तू गेलास ही बातमीही मी दोनदा फोन करून खात्री केल्याशिवाय मानली नव्हती. आता मानली आहे. तरी तुझा-माझा एक तपास अर्धवट राहिलाय, आणि अर्धवट तपासावर सही करायची मला सवय नाही. म्हणून पहिल्यापासून मांडतो. तुला यातलं पुष्कळ ठाऊक आहे, तरी ऐक.

वालचंदनगरच्या कारखान्यात मी उभी नोकरी जोड तपासण्यात घालवली. वेल्डरने दोन जाड पत्रे सांधायचे, वरून घासून चकचकीत करायचे, आणि मी एक्स-रे काढून आत पोकळी राहिलीय का ते बघायचं. पोकळी सापडली की लाल खडूने फुली. ती फुली पुसायचा हक्क फक्त ज्याने मारली त्यालाच. आणि प्रत्येक वेल्डरला एक नंबर. आपण केलेल्या जोडाशेजारी तो पत्र्यावर ठोकायचा, दुसऱ्याने केलेल्या जोडाशेजारी कधीच नाही. कच्चं काम एकवेळ माफ व्हायचं, पण दुसऱ्याच्या कामावर स्वतःचा नंबर ठोकणाऱ्याला आमच्यात माफी नव्हती. नंबर झाकून ठेवला तरी जोड बघून मी सांगायचो, हा अमक्याचा हात. तुला या गोष्टीचं भारी कौतुक. माझ्या क्वार्टरच्या पायरीवर बसून म्हणायचास, आमच्या धंद्यातबी असा नंबर पायजे व्हता.

तुझा हातही मला ओळखू यायचा. तुझे वडील हंगामात साखरेच्या पोत्यांची तोंडं शिवायला कारखान्यात यायचे. शाळा सुटली की आपण तिथे बघत बसायचो. दाभणात सुतळी ओवून आबा झपाझप शिवत जायचे आणि शेवटचे दोन टाके मुद्दाम जवळजवळ घालायचे. तसं केलं की पोतं गाडीत कितीही आपटलं तरी तोंड उसवत नाही, असं ते म्हणायचे. पुढे माझं अपेंडिक्स फुटलं आणि तू मला फाडलंस, तेव्हा टाके काढायच्या दिवशी मी आरसा मागवून बघितलं. सगळ्या गाठी उजव्या अंगाला एका रेषेत आणि खाली शेवटचे दोन टाके जवळजवळ. मी विचारलं, मला साखरेचं पोतं समजलास काय? तू म्हणालास, वजन तेवढंच भरलं. हसताना पोट दुखलं होतं माझं.

दुसरे मोठे डॉक्टर आतलं काम झालं की वरची कातडी शिवायला ज्युनियरला सांगून चहाला निघून जातात. तू गेला नाहीस. तुझा नियम होता, पोट ज्याने उघडलं त्यानेच मिटवायचं. हा नियम लक्षात ठेव, मी तिकडे येणार आहे.

मुंबईत शिकून, पोटाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करण्यात नाव काढून तू बारामतीत परत आलास, तेव्हा पहिला संशय मीच घेतला. एवढा हुशार माणूस पुण्या-मुंबईला सोडून इकडे का येईल? तिकडे काहीतरी घोळ करून आला असणार. तुला तोंडावर विचारलं. तू म्हणालास, "घोळ काय न्हाय. तितं माझ्यासारखी धा जणं हायती. हितं कोण हाय?" मला उत्तर पटलं नाही. वर्षभर मी तुझ्या मुंबईच्या हॉस्पिटलात ओळखीचं कोणी निघतंय का ते शोधत होतो. निघालं. त्याने सांगितलं, सोडून गेले म्हणून आम्ही अजून हळहळतो. हे मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतो.

आणि एकटा मीच संशयी होतो असं थोडंच आहे? आपल्या भागातली सगळी माणसं तुझ्याकडे डोळे बारीक करूनच आली. सुरी लागली की कॅन्सर पसरतो, हे घराघरात पक्कं बसलेलं. घरचे लोक दारातच तुला बाजूला घेऊन सांगायचे, त्यास्नी साधी गाठ म्हणा, ते नाव काढू नका. तू ते ऐकायचा नाहीस. पेशंटच्या खाटेवर बसून, केसपेपरच्या मागे पोटाचं चित्र काढून, कुठे काय झालंय ते त्याच्याच बोलीत सांगायचास. आणि ऑपरेशन झालं की स्वतः ट्रे घेऊन बाहेर यायचास. काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवल्याशिवाय खरंच काढली यावर इकडे कुणाचा विश्वास बसत नाही, हे तू पहिल्याच महिन्यात ओळखलंस. लोक वाकून बघायचे, एखादा तोंड फिरवायचा, एखादी म्हातारी हात जोडायची. तू एकदा म्हणाला होतास की लोक मला मानत नाहीत, ट्रेला मानतात. तेव्हा तुझ्या आवाजात थोडी खंत होती, ती मी ऐकूनही सोडून दिली.

आता हमीदावर येतो.

तू डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाला होतास आणि हमीदा नुकती माझ्याशी लग्न होऊन आमच्या क्वार्टरमध्ये आली होती. लासुर्ण्याच्या घरी अभ्यासाला जागा नाही म्हणून तू सुट्टीत आमच्याकडे यायचास, बरोबर माणसाच्या खऱ्या हाडांचा डबा घेऊन. माझ्या अम्मीला कळलं असतं तर तिने तुला आणि डब्याला एकदमच बाहेर काढलं असतं. हमीदाने तो डबा आपल्या जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटावर ठेवला आणि अम्मीला सांगितलं, माझ्या माहेरची चिनीमाती आहे, हात लावू नका. रोज दुपारी अम्मी झोपली की ती एकेक हाड काढून तुझ्यासमोर धरायची आणि तू नाव सांगायचास. बरोबर का चूक ते तिला कळत नव्हतं. तू अडखळलास की ती हाड खाली ठेवून म्हणायची, हे उद्याला. तू पास झालास तेव्हा पेढे आधी तिच्या हातावर ठेवलेस. नंतर मला.

त्याच हमीदाच्या मोठ्या आतड्यात पाच वर्षांपूर्वी गाठ निघाली. रिपोर्ट तूच वाचलास आणि नेहमीसारखा कागदावर चित्र काढायला बसलास, पण त्या दिवशी तुझं चित्र अर्धंच राहिलं. मी पुण्याला जाऊन आणखी दोघांना रिपोर्ट दाखवले, तुला न सांगता. दोघेही म्हणाले, बारामतीत तुमच्याकडे माणूस आहे, इकडे कशाला आलात? ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी तुला विचारलं, "सुरी तूच धरणार न्हवं?" तू म्हणालास, "व्हय. मीच."

दुसऱ्या दिवशी तू ट्रे घेऊन बाहेर आलास. झालं, नीट झालं, एवढंच बोललास. मी गाठ बघितली, तुझ्या तोंडाकडे बघितलं नाही. दहाव्या दिवशी टाके काढायला नर्सने पट्टी सोडली आणि मी चष्मा लावून पुढे झालो. टाक्यांच्या गाठी डाव्या अंगाला होत्या. टाके सुरेख होते, सारख्या अंतरावर, अगदी शेवटपर्यंत सारख्या अंतरावर. शेवटचे दोन जवळ नव्हते. तो तुझा हात नव्हता, मिलिंद.

मी तुझ्या केबिनमध्ये आलो. तू म्हणालास, माझेच टाके, वय झालं, हात बदलतो. मी म्हटलं, वेल्डर खोटं बोलंल, जोड न्हाय बोलत. तू खाली बघून पुढच्या पेशंटची बेल दाबलीस. तेवढ्यावर आपली पन्नास वर्षांची बोलचाल आटपली. पुढच्या पाच वर्षांत हमीदाला दर तपासणीला मीच घेऊन यायचो, पण बाहेरच्या बाकड्यावर बसायचो. तू आतून तिच्याबरोबर निरोप पाठवायचास, इन्स्पेक्टरला म्हणावं बीपीची गोळी चुकवू नको. मी गोळी घ्यायचो आणि निरोपाला उत्तर द्यायचो नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी थांबलो नाही. माझ्या डोक्याने सरळ हिशोब मांडला: हा स्वतः करत नाही, कारण याचा हात आता थरथरतो. ते लपवायला हाताखालच्या त्या नव्या पोरीकडून, डॉक्टर अश्विनीकडून, काम करून घेतो आणि आपल्या नावावर दाखवतो. म्हणजे दुसऱ्याच्या जोडावर आपला नंबर. कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर एका सकाळी मी आमच्यातल्याच निवृत्त बाळूरावांना म्हणालो, "डॉक्टरचा हात थरथरतोय म्हणं." ते 'म्हणं' मी स्वतःला वाचवायला जोडलं होतं. म्हणणारा मीच होतो.

ती गोष्ट इंदापूरला पोचली, बारामतीत पोचली. पुढे मलाच कुणीतरी येऊन सांगितली. मी मान हलवली, जसं काही पहिल्यांदाच ऐकतोय.

परवा विहारात जेवणं चालू असताना अश्विनी माझ्याकडे आली. तिला मी पाच वर्षं लांबूनच बघितलेलं. बारीक चणीची, इंदापूरची, बोलताना डोळ्यांत बघणारी. म्हणाली, काका, एक सांगायचं होतं, सर होते तोवर सांगायची परवानगी नव्हती. मी ताट खाली ठेवलं.

तिने सांगितलं ते असं. त्या दिवशी तू हमीदाच्या पोटावर पेनने रेघ मारलीस. रेघ सरळ होती. मग सुरी हातात घेतलीस आणि तुझा हात थरथरायला लागला. सुरी परत ठेवलीस, पुन्हा उचललीस, पुन्हा तेच. मग तू अश्विनीला म्हणालास, "तू ये हिकडं. मला हितं पेशंट दिसंना, भाभी दिसतीया." आणि तू पलीकडे, मदतनीसाच्या जागी गेलास. पोट उघडं धरून ठेवायचा तो पोलादी आकडा शिकाऊ डॉक्टर धरतात. तो तू सगळा वेळ धरून उभा राहिलास आणि तिने पुढे काय करायचं ते शब्दाशब्दाने सांगत राहिलास. शेवटी तिने वरचे टाके तुला घालायला सांगितले, तर तू नाही म्हणालास.

मी तिला विचारलं, मग मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, मी सरांना तेच म्हटलं होतं, सांगून टाका. सर म्हणाले, भाभीला पुढे काही झालं तर बशीर तुला या गावात उभं राहू देणार नाही, माझ्यावर आलेलं चालेल.

मग तिने आणखी एक सांगितलं, आणि ते ऐकायला मी तिथे नसतो तर बरं झालं असतं. तुझ्या हाताची बातमी पसरल्यावर नातेवाईक विचारायला लागले, सर स्वतः करणार ना, हात नीट आहे ना? तू ट्रे दाखवून पटवणारा माणूस. तू टेबलावरचा पेला पाण्याने काठोकाठ भरायचास, तळहातावर ठेवून हात त्यांच्यासमोर लांब करायचास आणि ते पुरे म्हणेपर्यंत धरून ठेवायचास. ती एकदा रागावून म्हणाली, सर, हे कुणी उठवलंय? तू म्हणालास, "इन्स्पेक्टरनं खडू मारलाय. त्योच पुसंल."

मी तिचे आभार मानले आणि मनात म्हटलं, पोरगी सरांना सांभाळून घेतेय. हात थरथरला हे तर तीही मान्य करतेय. एकदाच थरथरला याला पुरावा काय? तू हसत असशील. पण मी असाच आहे, आणि तुला तसाच चालत आलो होतो.

पुरावा कुठे मिळेल ते मला ठाऊक होतं. हमीदाच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू वडगाव निंबाळकरच्या बबनतात्यांचं जठराचं ऑपरेशन केलं होतंस. शेजारच्या पुरुषांच्या वॉर्डात होते, त्यांचा मुलगा दोन्ही वॉर्डांना घरच्या म्हशीचं दूध आणायचा. काल सकाळी मी मोटारसायकल काढली आणि बारामती ओलांडून वडगावला गेलो. तात्या गोठ्यात वैरण टाकत होते. रामराम झाला, चहा झाला, तुझ्यासाठी दोघेही थोडे रडलो. मग मी म्हटलं, तात्या, जरा बंडी वर करता का?

ते घाबरले. म्हणाले, "का वो? परत काय निगालं काय?"

मी म्हटलं, काही नाही, फक्त बघायचंय. त्यांनी बंडी वर केली. मी चष्मा लावला आणि गोठ्याच्या दारात उजेडाला घेऊन बघितलं. पाच वर्षांत व्रण पांढरा पडलाय, पण टाक्यांच्या खुणा शिडीच्या पायऱ्यांसारख्या अजून दिसतात. एकही पायरी वाकडी नाही. आणि खाली, बेंबीच्या वर, शेवटचे दोन टाके जवळजवळ. मी त्यांच्यावर बोट ठेवलं. आबांचं साखरेचं पोतं. आदल्या दिवशी ज्याचा हात चालला नाही, त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी हे शिवलं होतं.

तात्या म्हणाले, "बरं हाय न्हवं?" मी म्हटलं, फस्क्लास हाय. आणि त्यांची बंडी मीच खाली ओढली.

परत येताना कालव्याच्या पुलावर मी गाडी थांबवली, कारण एक साधी गोष्ट तेव्हा डोक्यात शिरली. पाच वर्षं ती समोर होती. ज्याला फसवायचं असतं, मिलिंद, तो आधी वरचा थर गुळगुळीत करतो. माझी सगळी नोकरी असले गुळगुळीत थर बघण्यात गेली. तुला मला फसवायचंच असतं तर त्या दिवशी फक्त वरची कातडी तू शिवायची होतीस. गाठी उजव्या अंगाला, शेवटचे दोन टाके जवळ, आणि मी आनंदाने सही केली असती. मी टाके बघणार हे तुला पक्कं ठाऊक होतं. तरी तू सुई हातात घेतली नाहीस. पोट तिने उघडलं होतं, म्हणून मिटवलं तिने. तोंडाने मला खोटं सांगितलंस, पण दुसऱ्याच्या जोडावर तू आपला नंबर ठोकला नाहीस. आणि मी नेमका तोच आळ तुझ्यावर घेतला.

घरी येऊन हमीदाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली. म्हणाली, "पाच वरसं त्यो आत मला तपासायचा आन तुमी भाईर बाकड्यावर बसायचा. एकदा आत आला असता तर?" ती उठली आणि मागच्या खोलीत गेली. तिच्या रडण्याचा आवाज येत होता. मी तवा उतरवला.

मिलिंद, तू माझी बायको मला परत दिलीस. हे पाच वर्षांत मी एकदाही म्हणालो नाही. तू तुझ्या हाताने दिली नाहीस याचा राग धरून बसलो, आणि ती रोज समोर चालत होती, बोलत होती, मला गोळीची आठवण करून देत होती, ते मला दिसलं नाही. आता म्हणतो, तर तू टाय लावून हसतोयस.

आज सकाळी टपरीवर गेलो. बाळूराव होते, आणखी चारपाच निवृत्त मंडळी होती. तुझाच विषय चालला होता. मी उभा राहूनच बोललो, बसलो असतो तर धीर झाला नसता. म्हटलं, डॉक्टरच्या हाताची बातमी मी उठवली होती, या इथेच, आणि ती खोटी होती. मी काल कुणाचा व्रण बघून आलो ते सांगितलं. अश्विनीचं नावही घेतलं, हमीदाचं ऑपरेशन तिनेच केलं आणि उत्तम केलं, हेही सांगितलं.

बाळूरावांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मंजी त्यांचा हात कदीच थरथरला न्हाय?"

मी म्हटलं, "थरथरला की. एकदाच. माझ्या बायकूच्या पोटावर."